मधुमेहाची बाटली

वडिलांना कारंज्याच्या शाळेत हेडमास्तर म्हणून बढती मिळाल्याचा हुकूम आला, तेव्हा आम्ही मोठ्या आंजीत राहत होतो. वर्धा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. वडील आंजीच्या शाळेत अठरा वर्षं गणित शिकवत होते. त्यांच्या मागून नोकरीला लागलेले दोघे एव्हाना हेडमास्तर झाले होते. रुजू व्हायला महिन्याची मुदत होती. मी त्या वर्षी मॅट्रिकला होते.

त्याच सुमारास त्यांना तहान लागू लागली. दिवस थंडीचे होते, तरी वर्गातला माठ मधल्या सुट्टीपर्यंत रिकामा व्हायचा. घरी मोरीत मुंग्यांची रांग लागली. आई ती राखेने बुजवायची, दुसऱ्या दिवशी रांग परत हजर. वर्ध्याच्या डॉक्टरांनी या दोन गोष्टी ऐकल्या आणि सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन यायला सांगितलं.

तो शब्द वडिलांना माझ्यासमोर उच्चारता येईना. ते आईला एवढंच म्हणाले, "उद्या पयल्या मोटारीनं जायचं हाये. मधुमेहाची बाटली काढून ठेवजो."

आईने बाटली काढून ठेवली. वडिलांनी ती पहाटे अंधारात भरली, बूच लावलं आणि पिशवीत टाकली. सोबत मी गेले.

डॉक्टरांच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा होता आणि लाकडी घोडीत काचेच्या नळ्या उभ्या होत्या. त्यांनी एका नळीत निळं औषध ओतलं, त्यात बाटलीतले आठ थेंब मोजून टाकले आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर हलवत राहिले. औषध उकळलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि तिथे न थांबता ते लाल झालं. तळाशी गाळ बसला.

"मास्तर, हे तर भट्टीतली वीट निघाली," डॉक्टर म्हणाले. "साखर हाये, अन् लय हाये. कारंज्याले जाऊ नका. तिथं हे पाहणारा कोणी नाई. बढती नको म्हणून कळवून टाका."

"अठरा वर्षं झाली, डॉक्टरसाहेब."

"साखर नाई थांबत अठरा वर्षं."

घरी आल्यावर वडिलांनी टोपी खुंटीला लावली, दौत आणि कागद घेतला आणि नकाराचं पत्र लिहायला बसले. 'सविनय' एवढं लिहून झालं होतं. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"औषध मधातच देलं ना?" तिने विचारलं. "पुरला का मध?"

"कोणता मध?"

"अवो, बाटलीतला. तुमीच तर म्हणले मधाची बाटली काढजो म्हणून. मले वाटलं, चाटण देऊन राह्यले डॉक्टर. म्हणून बाटली धुतली नाई. बुडाशी थिजलेला होता थोडा, तो तसाच राहू देला."

वडिलांनी टाक खाली ठेवला. "मी मधुमेहाची म्हणलं होतं."

"मंग त्याच्यात मध आलाच ना!"

वडील हसायला लागले. भिंतीला टेकून हसले. मीही हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, म्हणून त्यांनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग दुसरा मागितला. आई त्या रिकाम्या तांब्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीही आमच्याबरोबर आली. बाटली तिने राखेने घासून, गरम पाण्याने तीनदा विसळली होती आणि भरलेली बाटली फडक्यात गुंडाळून मोटारीत मांडीवर धरली होती. वडील वाटेत आनंदात होते. कारंज्याला संत्र्याच्या बागा किती आहेत, ते त्यांनी मला सांगितलं.

मधाची गोष्ट ऐकून डॉक्टर हसले आणि त्यांनी दिवा पेटवला. या खेपेला औषध विटेपर्यंत गेलं नाही. पिवळ्यावर आलं, थोडं पुढे सरकलं आणि नारिंगीवर थांबलं. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली.

"मधाचा मध गेला, वहिनी," ते म्हणाले. "मास्तरांची साखर राहिली."

त्यांनी वडिलांच्या दंडातून रक्त घेतलं. त्याची तपासणी नागपूरला व्हायची. आठ दिवसांनी तिथूनही तेच उत्तर आलं. पण त्या दिवशी त्या खोलीत कुणालाच शंका राहिली नव्हती. वडील सदऱ्याची बाही खाली करत उठले. पत्राचा कागद घरी तसाच पडलेला आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आई उठली नाही. ती नळीकडे बघत होती.

"एवढंच असते का हे?" तिने विचारलं. "आठ थेंब टाकायचे अन् कढवायचं?"

"एवढंच."

"मंग कारंज्यात काय इस्तो पेटत नाई?"

डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "अवं, सैपाकघरात हे असलं..."

"सैपाकघरात कोन म्हणते? मागच्या ओट्यावर करीन. अन् आंघोळीच्या आधी करीन."

डॉक्टरांनी तिला त्याच बैठकीत शिकवलं. निळं औषध नळीवरच्या खुणेपर्यंत, थेंब आठ, नळीचं तोंड माणसाकडे धरायचं नाही, उकळी आल्यावर थोडं थांबायचं आणि मग रंग बघायचा. पहिल्या दोन खेपांना तिचे थेंब आठाचे दहा झाले. तिसऱ्या खेपेला डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे वळले. साखर, गूळ आणि भात बंद झाला. लाल रंग लागोपाठ दोन दिवस दिसला, तर पहिल्या मोटारीने वर्ध्याला यायचं, या अटीवर त्यांनी वडिलांना कारंज्याला जायची परवानगी दिली. निळ्या औषधाची बाटली, दिवा आणि दोन नळ्या आमच्याबरोबर आल्या.

नकाराचं पत्र लिहिलं गेलं नाही. उरलेला महिना आंजीच्या मागच्या ओट्यावर सराव चालला. आईला अक्षरओळख नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिलेला रंगांचा कागद तिने मला एकदा वाचायला लावला आणि ठेवून दिला. तिने स्वतःची नावं पाडली: अस्मानी, पोपटी, हळद, संत्रं, वीट. वडील मागे उभे राहून वाद घालायचे.

"आज हळद."

"पोपटी हाये ते. नीट पाय."

"तुमी गणित शिकवा. लुगडी मी घेतो का तुमी?"

आता बोटाला टाचणीएवढी सुई लागते आणि यंत्रावर आकडा येतो. मलाही तो रोज पाहावा लागतो. आमच्या घरात तेव्हा आकडा नव्हता. सकाळी ओट्यावरून रंगाचं नाव ऐकू यायचं आणि त्यावरून घरातल्यांना वडिलांचा दिवस कसा जाणार ते कळायचं. हळद असली की भाकरी दीडवरून एकीवर यायची. संत्रं असलं की त्यांना शाळेतून पायीच परतावं लागे, कुणाच्या सायकलवर बसायची मनाई. स्पिरिटचा तो वास मला अजून सकाळचा वास वाटतो.

कारंज्याला आम्ही एका रविवारी पोचलो. सामान ट्रकमधून आलं. दिवा आणि नळ्या आईने कुणाच्या हाती दिल्या नाहीत. भाड्याच्या घराला मागे ओटा नव्हता. सोमवारी सकाळी तिने अंगणात दोन विटा मांडल्या, वाऱ्याला आडोसा म्हणून सूप उभं केलं आणि दिवा पेटवला. वडील कोट-टोपी घालून दारात उभे होते. शाळा साडेदहाची होती.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

आईने नळी उन्हात धरली. बराच वेळ धरली.

"अवं, उशीर होते."

"होऊ द्या." तिने नळी फिरवून पुन्हा पाहिली. "पोपटी. हळदीकडे झुकून राह्यली, पण पोपटीच."

"मंग जाऊ?"

"जा. अन् तिथं कोनी पेढा देला तं खिशात टाकजा, तोंडात नाई."

वडील सव्वादहाला रुजू झाले. संध्याकाळी त्यांच्या कोटाच्या खिशातून तीन पेढे निघाले. दोन मी खाल्ले, एक आईने.