मालनबाईची मूठ

पारनेरकडच्या एका वाडीत मालनबाईनं चाळीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या. अंगठा मुडपून सड दाबायची सवय, त्यामुळं अंगठ्याच्या पेरावर चिंचोक्याएवढा घट्टा. बाया चिडवायच्या, तर म्हणायची, "ह्यो माझा दागिना. ह्याला चोराचं भ्या न्हाई."

गेल्या वैशाखात कडबाकुट्टीत वैरण सारताना उजवा हात पात्याला लागला. बोटं राहिली, पण मधली दोन बोटं मिटवणाऱ्या शिरा तळहातात तुटल्या. नगरच्या दवाखान्यात त्या जोडल्या. मनगट आत वळवून हाताच्या पाठीवर कडक पट्टी बांधली, बोटं मिटायला मोकळी.

चौथ्या दिवशी दिशा नावाची व्यायाम शिकवणारी पोरगी खाटेशी येऊन बसली. मालनबाईचा नवरा कानिफनाथ तेवढ्यात खाली औषधं आणायला गेला होता.

"मावशी, शीर जोडलीय. आता ती नुसती पडून राहिली तर शेजारच्या मांसाला चिकटंल. हलकी ओढ बसत गेली, तर नवे धागे ओढीच्या दिशेनं धरतील आन् शीर मोकळी सरकंल. पट्टी सोडायची न्हाई. डाव्या हातानं ही बोटं मिटवायची, मग मागं पट्टीला टेकंपतुर सैल सोडायची. तासातासाला. उचलायचं मातर काय न्हाई."

"दाव्याला ताण दिल्याबिगर पीळ बसत न्हाई, तसंच की."

"अगदी तसंच!"

मालनबाईला सगळं कळलं होतं.

घरी आल्यावर कानिफनाथनं आपल्या जुन्या फेट्याची झोळी करून तो हात तिच्या छातीशी बांधला. "हलवायचा न्हाई. टाका निसटला म्हंजी?" ज्यानं जन्मात आपला तांब्या आपण भरून घेतला नव्हता, तो चुलीपुढं बसला. भाकरी आमटीत कुस्करून बायकोला घास भरवू लागला. धार काढताना गाईनं लाथ झाडली, तर निमूट बाजूला सरला.

"तिला काय बोलत न्हाई व्हय? मला तर लई बोलायचा," मालनबाई ओट्यावरून म्हणाली.

"ती दूध देती. तू नुसती बोलती." दोघंही हसली.

तो तिची वेणी घालायचा, वाकडीतिकडी. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ती गोठ्यात गेली होती. बाळंतपणातही कुणी बस म्हणालं नव्हतं. आता हा माणूस विचारत होता, जेवलीस का, दुखतंय का.

रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. मग तो फणी घेऊन बसायचा. उद्या सांगू. कधी एकटीच बोटं मिटवायला घ्यायची. कळ यायची, आणि त्याची चाहूल लागली की हात पुन्हा झोळीत. आपली आपण बोटं मिटवताना दिसली, तर हा परत पारावर जाऊन बसंल, एवढंच तिच्या मनात यायचं.

टाके पारनेरलाच काढले. नगरची तारीख पेरणीत चुकली. सहा आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा अंगठ्याचा घट्टाही झडून गेला होता. कानिफनाथ हरखला. "नवरीचा हात झाला की गं!"

"मिटा बघू," शेजारीण म्हणाली.

दोन बोटं मिटली नाहीत.

नगरला दिशानं ती दाबून पाहिली. "शीर चिकटलीय. मावशी, व्यायाम केला न्हाई व्हय?"

"कसला व्यायाम? आमाला कोन बोललं?" कानिफनाथ चढ्या आवाजात म्हणाला.

दिशानं मालनबाईकडं पाहिलं. मालनबाई फरशीकडं बघत राहिली.

पुढं कदाचित ऑपरेशन करून शीर सोडवता येईल, पण पहिल्यासारखी मूठ वळंलच असं नाही, असं कळलं. तोवर रोज बोटं दाबायची.

परतीच्या एसटीत सुपा मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "ठावं हुतं तुला?"

"व्हय."

"मग?"

"तुमी लई चांगलं वागत हुता."

तो खिडकीकडं वळला. उपरण्याचं टोक बराच वेळ डोळ्यांवर धरून बसला.

आता धार तोच काढतो. ती झाली की ओट्यावर येऊन तिची बोटं आपल्या हातात घेतो, आणि दाबतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येतं.

"थांबू का गं?"

"नगा थांबू."