दादाची तर्जनी

फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढताना बोटं बधिर होतात, तेव्हा मला दादाचं बोट आठवतं.

सव्वीस वर्षांपूर्वी मुळशीत, गुरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टीत माझ्या थोरल्या भावाची उजवी तर्जनी तुटली. तीन पेरांपैकी दोन गेली. मी मासेवाल्या मावशींकडे धावलो. "पैसं ऱ्हाऊ दे, बर्फ ने आदी," त्या म्हणाल्या. तुकडा तसाच बर्फात घालून मी पुण्यापर्यंत दीड तास डबा मांडीवर धरला.

डॉक्टरांनी डबा उघडला. "बर्फ थेट लागायला नको होता. ओल्या फडक्यात, मग पिशवीत गुंडाळून ठेवायचं. आता जोडता येणार नाही."

मी मान हलवली. मला काहीच वाटलं नाही.

"पन डाक्टर, बोट वाकवल्यागत वाटतंय मला," दादा म्हणाला.

"बोटात स्नायू नसतात. ते कोपराखाली असतात, तिथून दोऱ्यांनी ओढावं तसं बोट ओढतात. ते शाबूत आहेत."

दादाने माझा हात ओढून आपल्या कोपराखाली दाबला. कातडीखाली काहीतरी सरकलं.

"बघ, मालक घरातच हाय. खोली तेवढी गेली."

तेव्हा वाटलं, याला अजून कळलेलंच नाही. आज वाटतं, सगळं कळलं होतं आणि तो माझीच समजूत घालत होता.

"व्हय," त्या दिवशी एवढंच मी म्हणालो.