बांधून ठेवलेला प्रसाद

कॉलेज सोडून मी गावाकडं निघाले होते. बेळगावच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीत खिडकीशी बसले होते, पायापाशी कपड्यांची पिशवी होती. गाडी लवकर सुटावी असंही वाटत होतं आणि सुटूच नये असंही. शाळा मी एकदा सोडलेलीच होती, आठवीनंतर. आमच्या आटपाडीकडच्या त्या वाडीत पुढं शाळाच नव्हती, त्यामुळं तेव्हा फारसं दुःखही झालं नव्हतं. या वेळी मात्र मी स्वतःच्या पायांनी सोडून चालले होते. का, ते आधी सांगते.

गावाकडच्या एका ओळखीनं मी शहापुरात मागावर कांड्या भरायला आले. विणताना धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती भरून ठेवायची, एवढंच काम. राहायला मालकाच्याच घरी. घर आठवायचं, पण लांब. सणालाच जाणं व्हायचं. जेझुइट फादरांच्या विद्यापीठातले एक फादर आणि त्यांचे विद्यार्थी काम सुटल्यावर आमच्या गल्लीत मुलींना शिकवायला यायचे. त्या वर्गात बसून मी बाहेरून दहावी दिली, मग बारावी. बारावी झाल्यावर फादर म्हणाले, “आता तू आमच्याकडंच ये.” मला वाटलं चेष्टा करतायत. ती चेष्टा नव्हती.

वर्गातली मुलं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि फाडफाड इंग्रजी बोलणारी. मी पाठीमागच्या बाकावर बसायची आणि दाराकडं बघत राहायची. कुणीतरी येईल आणि म्हणेल, अगं, तू इथं कशी, चुकून नाव आलंय तुझं, जा. खरं सांगते, असं कुणी कधी म्हणालं नाही. पण भीतीला कुणी म्हणावं लागतं असं थोडंच आहे.

पहिल्याच दिवशी तिथं सांगितलं होतं की नुसतं वर्गात बसून पदवी घेऊन जाऊ नका, गा, खेळा, वस्तीत जाऊन काम करा, एकमेकांशी वाद घाला. बाकीची मुलं हसली. मी मात्र ते हुकमासारखं घेतलं. गाण्यात नाव घातलं, नाटकात घातलं, वस्तीच्या कामात, वादविवादात, संगणकाच्या जादा वर्गात. एवढी संधी मिळालीय तर त्यातलं काही वाया जायला नको, सगळं गोळा करून ठेवायचं, पुढं कधीतरी उपयोगी पडेल. त्यामुळं गाण्याला बसलं की लक्ष संगणकाकडं आणि संगणकापुढं बसलं की नाटकाकडं. माझ्या खोलीत फिलोमिना म्हणून खानापूरकडची मुलगी होती, मनानं फार चांगली, जीभ मात्र तिखट. ती म्हणायची, “अगो, तू शिकायला आलीयस की वरातीत वाजवायला? ज्याच्या त्याच्या दारात हजर!”

त्याच दिवसांत कॉलेजच्या वर्षारंभाची मिस्सा होती. मिस्सा म्हणजे त्यांची मोठी प्रार्थना. येणं सक्तीचं नव्हतं, पण मी कशाला चुकवतेय. चपला बाहेर काढून आत गेले तर बाकी सगळे बूट घालून बसलेले. मेणबत्त्या होत्या, गाणी होती, आणि मला तिथं बरं वाटलं. शेवटी शेवटी सगळे रांगेत उभे राहिले. त्याआधी माइकवरून इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ते मला समजलं नाही. रांग आहे, पुढं कुणीतरी हातावर काहीतरी ठेवतंय, लोक हात जोडून परत येतायत. देवळात वाढलेल्या माणसाला यात विचारण्यासारखं काय वाटणार? मीही उभी राहिले. बाहेरून आलेल्या कुणा फादरांनी माझ्या ओंजळीत पांढरी, कागदासारखी पातळ चकती ठेवली. मी ती कपाळाला लावली आणि बाजूला होऊन ओढणीच्या टोकात बांधली.

आमच्यात प्रसाद एकट्यानं खात नाहीत. कुणीही देवाला जाऊन आलं की घरच्यांचा वाटा बांधून आणतं. आई तेव्हा आजारी होती, दम लागायचा तिला. दसऱ्याला घरी जाईन तेव्हा देईन म्हणून मी ती चकती एका पत्र्याच्या डबीत ठेवली. डबीत आमच्या कुलदैवताचा, सिद्धनाथाचा अंगारा होता. दोन देव शेजारी बसले तर आईला जास्त गुण येईल, असा माझा साधा हिशोब.

पुढं काही आठवड्यांनी फिलोमिनानं सेफ्टी पिन शोधायला म्हणून ती डबी उघडली.

“हे कुठून आणलंस?”

“प्रसाद हाय. मिस्सेच्या दिवशीचा. आईला न्यायचाय.”

तिनं डबी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. “प्रसाद न्हय गो तो. आम्ही त्याला ख्रिस्ताचं शरीर मानतो. हातावर घेतलं की तिथल्या तिथं तोंडात घालायचं. बाहेर कुणी नेत न्हायत. कधीच न्हायत. आणि तो आमच्या लोकांनीच घ्यायचा असतो.”

मला वाटलं आता ती तोंडसुख घेईल. ती रडायला लागली. डोळे पुसत ती म्हणाली, “फादरना सांगायला पाहिजे.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मागावर ‘मालकाला सांगतो’ म्हटलं की ती बाई दुसऱ्या दिवशी कामावर दिसायची नाही, एवढंच मला ठाऊक. ज्यांनी मला गल्लीतून उचलून इथं बसवलं, त्यांच्याच देवाला मी डबीत कोंडून ठेवलं होतं. नाथबाबाला तरी हे आवडलं असेल का? कुणाची क्षमा मागायची तेही कळेना. फिलोमिना वर्गात गेली तशी मी कपडे भरले. ती डबी टाकवेना, ठेववेना, उघडून खायचं धाडस तर मुळीच नव्हतं. म्हणून तीही पिशवीत घातली आणि स्टँड गाठला.

गाडी सुटायच्या वेळेला एक म्हातारी बाई चढली आणि माझ्या शेजारी धपकन बसली. कपाळभर भंडारा, हातात परडी. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेली. गाव निपाणीच्या पलीकडं कुठंतरी. बसल्या बसल्या तिनं खोबऱ्याचा तुकडा आणि खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. मी कपाळाला लावली आणि सवयीनं ओढणीला गाठ मारायला लागले. तिनं माझ्या हातावर चापटी मारली.

“आगं, बांधत काय बसलीस? घरच्यांचं मी बांधलंय न्हवं? हे तुझं हाय. टाक तोंडात. तोंड बघ कसं सुकलंय.”

मी खोबरं तोंडात टाकलं आणि हुंदका आला. खोबरं चावत, रडत, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगितलं. गाडी संकेश्वरच्या जवळ आली तरी माझं संपत नव्हतं. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “आत्ता कुठं हाय ते?”

“पिशवीत.”

“देवाला पायापाशी ठेवलीस व्हय गं? वर घे आधी!” असं म्हणून तिनंच वाकून पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि पिशवीला हात जोडले. तिचा कोण लागत होता तो देव? पण तिनं जोडले. मग म्हणाली, “त्यांचं हाय, त्यास्नी नेऊन दे.”

“आजी, हाकलून देतील मला.”

“हाकलंनात. देव घेऊन पळाली म्हणून हाकलण्यापरास, द्यायला आली म्हणून हाकलू देत. आन् तू तर निघालीच हाईस की! गेलेल्या माणसाला आणि कोण हाकलतंय?”

मागच्या सीटवरचा माणूस हसला. मलाही रडता रडता हसू आलं. माझ्या सगळ्या भीतीला त्या एका वाक्यात बूड उरलं नाही. निपाणीच्या स्टँडवर ती मला हाताला धरून उतरली, बेळगावची गाडी शोधली, कंडक्टरला कन्नडमध्ये दम भरला की या पोरीला मधे कुठं उतरू देऊ नको. मी पाया पडायला वाकले तर पाठीत हात घालून मला पायरीवर ढकललं. “चढ, चढ. सुटतीय बघ.” तिचं नाव मी विचारलं नाही. गावाचं नावही विचारलं नाही. तेवढं सुचलंच नाही.

फादर त्यांच्या खोलीत पेपर तपासत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा उठून पळाले असते. ऐकून झाल्यावर त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग उठले, डबी दोन्ही हातांनी घेतली आणि मला त्यांच्या प्रार्थनामंदिरात घेऊन गेले. एका लहान काचेच्या भांड्यात पाणी घेतलं. चकतीला राखाडी काहीतरी लागलेलं होतं. त्यांनी विचारलं, “हे काय?”

“नाथबाबाचा अंगारा.”

मला वाटलं आता ते झटकतील. त्यांनी झटकला नाही, फुंकलाही नाही. चकती होती तशी हळूच पाण्यात सोडली. “हळूहळू विरघळेल,” ते म्हणाले, “मग पाय पडणार नाही अशा जागी मातीत ओतायचं. आमची रीत आहे.”

मी म्हणाले, “आमच्याकडं निर्माल्य असंच सोडत्यात.”

“मग तुला यातलं काही समजावून सांगायला नको. हे फक्त ख्रिस्ती लोकांनीच घ्यावं, अशी सूचना आम्ही माइकवरून नुसती इंग्रजीत दिली, ती मराठीत आणि कन्नडमध्येही द्यायला हवी होती. ती आमची चूक.” मग म्हणाले, “आईसाठी ठेवलं होतंस म्हणालीस. आईची तब्येत कशी आहे?”

माझ्या आईची चौकशी इथं आजवर कुणी केली नव्हती, कारण मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आम्ही तिथल्याच बाकावर बसलो. जाताना ते म्हणाले, “तू सगळ्यात नाव घातलंयस, पण आनंदात कुठंच दिसत नाहीस. सगळं पुढच्यासाठी साठवतेस. यातलं काहीतरी एक धर, जे घरी नेता येत नाही आणि कशाच्या उपयोगाला येत नाही. आणि संध्याकाळी थोडं बसत जा. सकाळपासूनचा दिवस आठवायचा, काय मिळालं त्याचे आभार मानायचे, कुठं चुकलं ते बघायचं, उद्यासाठी काय हवं ते मागायचं. आम्ही हे रोज करतो.”

“कुणापुढं बसू, फादर?”

“तुझा देव आहे ना खोलीत? त्याच्यापुढं बस.”

खोलीत गेले तर फिलोमिना दारातच. तिनं मिठी मारली आणि लगेच पाठीत धपाटा घातला. “कुठं मेली होतीस? जेवणाचं ताट झाकून ठेवलंय, गार झालं सगळं.”

मी व्हॉलीबॉल धरला. वयानं मोठी, उंचीनं बेताची, पहिले काही महिने तर चेंडू माझ्या मनगटावरून थेट कुंपणाबाहेर. मुली मला “आक्का, गेट उघडून ठेवू का?” म्हणून चिडवायच्या. पण मैदानावर असताना मला दुसरं काही आठवायचं नाही, आणि असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं. वस्तीचं काम ठेवलं, बाकी सोडलं. वर्गात पुढच्या बाकावर सरकले. समजलं नाही की हात वर करायला लागले. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सर म्हणाले, बरं झालं विचारलंस, आणि अर्ध्या वर्गानं सुटल्यासारखा श्वास सोडला. त्यांनाही ते कळलेलं नव्हतं. दसऱ्याला घरी गेले, आईला दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं. आता तिचा दम बराच कमी आहे.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. त्या गाडीत, त्याच सीटवर, तीच बाई का येऊन बसली याचा मी उलगडा करत बसत नाही. फिलोमिना म्हणते तिच्या देवानं धाडली. आईला सांगितलं तर तिनं आटपाडीतूनच हात जोडले, “सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं.” फादर नुसते हसले. त्या बाईला विचारलं असतं तर तिनं यल्लम्माचं नाव घेतलं असतं. मला एवढंच माहीत आहे की मी पाठ फिरवून निघाले होते आणि मला कुणीतरी पाठीला हात लावून परत धाडलं. माझी त्यात काही कर्तबगारी नव्हती. मी फक्त हातावर ठेवलेलं खोबरं खाल्लं.

संध्याकाळी मैदानावरून आल्यावर मी हातपाय धुते आणि देवापुढं बसते. फादरांनी सांगितल्याप्रमाणं दिवस आठवते, आभार मानते, चुका बघते. मागायचं सगळ्यात शेवटी असतं. सुरुवातीला तिथं पोचायच्या आधीच तोंडातून यायचं, देवा, मला इथनं काढू नकोस. अलीकडं मागायची वेळ येते आणि काही सुचत नाही. मग मी तशीच बसून राहते, फिलोमिना जेवायला हाक मारेपर्यंत.