सिस्टरजींविरुद्धचा संप

इंदूरची कापड मिल बंद पडली, पण सासऱ्यांचं पुढारीपण काही बंद पडलं नाही. जन्मभर युनियनमध्ये भाषणं ठोकलेला माणूस. आता श्रोते म्हणून घरचेच उरलो. वरणात मीठ कमी पडलं तरी ते "साथियों" अशी सुरुवात करत. नवऱ्याला सियागंजच्या बाजारात काम मिळालं तर मिळालं. घर चालायचं ते माझ्या शिवणावर.

चर्चच्या आवारात केरळच्या एक सिस्टर शिलाई केंद्र चालवायच्या. सासूबाईंना धास्ती, की सून एक दिवस क्रूस घालून येणार. रोज संध्याकाळी त्या माझा गळा तपासायच्या. सिस्टरना माझ्या गळ्याशी देणंघेणं नव्हतं. मी शिवलेले गळे वाकडे येतात, एवढंच त्यांचं दुःख. शनिवारी मात्र मशिनी थांबवून त्या चर्चची शिकवण सांगत. प्रत्येक माणसाला मान आहे. कामापेक्षा काम करणारा मोठा. गरिबाचा विचार आधी. जे खालच्यांना ठरवता येतं ते वरच्यांनी ठरवू नये. आणि संघटना करणं हा कामगारांचा हक्क आहे.

घरी हे सांगितलं तर सासरे ताडकन उठून बसले. "अरे, हे तर आपलंच भाषण! यांना किसने दिया?"

पुढे बाजारात तयार कपड्यांचा पूर आला आणि केंद्राला मिळणारं शाळांच्या गणवेशांचं काम आटलं. सिस्टरनी जाहीर केलं, आता भरभर शिवणाऱ्या बायकाच ठेवणार. सगळ्यात हळू मी. रडतच घरी आले. सासऱ्यांचा चेहरा मात्र दिवाळीसारखा उजळला.

"सूनबाई, रडायचं नाही. संप करायचा!"

"घरात कमावतं माणूस एक," सासूबाई म्हणाल्या, "आणि तिचाच संप?"

पण भरभर शिवणाऱ्या बायकासुद्धा आल्या. शनिवारचे धडे अंगात मुरले होते. सासऱ्यांनी ओट्यावर घोषणांचा क्लास घेतला. गाडी अडली ती 'मुर्दाबाद'पाशी. जी बाई आमच्या बाळंतपणांत रात्र रात्र दवाखान्यात बसली, तिला मुर्दाबाद म्हणायला एकीचीही जीभ वळेना. शेवटी "सिस्टरजी, जवाब दो!" ठरलं. संपात 'जी' कुठून आलं, म्हणून सासरे फार चिडले.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर सतरंजी अंथरून सासऱ्यांसकट आम्ही ओरडायला लागलो. थोड्या वेळानं फाटक उघडलं. सिस्टर चहाची किटली घेऊन बाहेर आल्या.

"यह सब किसने सिखाया?"

"आपने ही तो," एकजण म्हणाली.

सिस्टर लालबुंद झाल्या. मला वाटलं, गेली नोकरी. "सही बात है," त्या म्हणाल्या. "मैंने अकेले तय कर लिया. आपसे पूछना था." आणि झगा आवरून आमच्यातच सतरंजीवर बसल्या.

सासऱ्यांची मूठ हवेत तशीच. "सिस्टरजी, आप इधर नहीं बैठ सकतीं! आप मैनेजमेंट हो!"

समोर ओरडायला कुणी उरलंच नव्हतं. चहा पिता पिता ठरलं: कुणालाही काढायचं नाही, असेल ते काम वाटून घ्यायचं, आणि मी गळ्यांना हात न लावता काज-बटण करायचं. अपमान झाला थोडा, पण जागा राहिली.

परतताना सासरे झपाझप पुढे चालत होते. एका किटलीत संप संपला म्हणून रागावले असतील, असं मला वाटलं. कृष्णपुऱ्याच्या पुलावर ते थांबले.

"मिल बंद झाली तेव्हा आम्ही गेटवर गळा बसेपर्यंत ओरडलो, सूनबाई. आतून कुणी बाहेरच आलं नाही. कुणी येऊन 'नाही' म्हटलं असतं ना, तरी चाललं असतं."

आणि ते भर रस्त्यात रडायला लागले. मला फार वाईट वाटलं. सुनेनं सासऱ्यांचा हात धरायची आमच्यात रीत नाही. मी धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.