घड्याळजींच्या तीन डब्या

घड्याळजींकडे चाळीस वर्षांत कधी स्क्रू उरला नव्हता. घड्याळ उघडायचं, भाग सुटतील त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि जोडताना उजवीकडून डावीकडे यायचं, एवढं त्यांचं शास्त्र. त्या मंगळवारी मात्र एका बाईंचं मनगटी घड्याळ जोडून झालं, झाकण बसलं, आणि टेबलावर दोन स्क्रू उरले. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. स्क्रू कुठले ते आठवेना. ते घड्याळ कशासाठी उघडलं होतं, तेही आठवेना.

तीन महिने हेच चाललं होतं. समोरच्या गिऱ्हाइकाचं नाव ओठांवर यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. भर सकाळी भिंग लावलं की पेंग यायची. तोंडाला अशी कोरड पडायची की बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची. बाथरूममध्ये गेले की लवकर बाहेर येत नसत, बायको दोनदा हाक मारायची, "अहो, आहात ना?" एकदा तर डाव्या हातात चहाचा कप धरून ते घरभर तोच कप शोधत होते. बायको हसली, तेही हसले, पण दोघांचं हसू काही खरं नव्हतं. घड्याळजींच्या वडिलांचं म्हातारपण असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली, मग माणसं.

मंगळवारी ते दुपारीच घरी आले आणि चपला न काढता म्हणाले, "मी दुकान बंद करतोय. लोकांची घड्याळं बिघडवण्यात अर्थ नाही. माझं डोकं कामातून जात चाललंय."

बायकोची पाचावर धारण बसली. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हे. तिने मोठ्या इस्पितळातल्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आणि तिथला चार पानी फॉर्म भरायला धाकट्या बहिणीला बोलावलं. ही बहीण दोन गल्ल्या सोडून औषधांचं दुकान चालवायची. हुशार बाई, पण जिभेला हाड नाही, असं घड्याळजींचं मत. भावोजींची फिरकी घेणं हा तिचा तीस वर्षांचा धंदा.

"सध्या चालू असलेली औषधं," तिने फॉर्ममधलं वाचलं. "भावोजी, आणा पाकिटं."

पाकिटं कुठली! घड्याळजींना पाकिटांचा तिटकारा. कुठलीही बारीक वस्तू घरात आली की ते तिचं आवरण फेकून ती काचेच्या झाकणाच्या छोट्या गोल डबीत ठेवत. गोळ्यांचंही त्यांनी तेच केलं होतं. तीन डब्या टेबलावर आल्या. वर चिठ्ठ्या, सुबक अक्षरात: खाज, सर्दी, झोप.

"अहो, या गोळ्या आहेत की घड्याळाचे सुटे भाग?" मेहुणी म्हणाली. "यांना नावं नाहीत?"

"कामं लिहिली आहेत ना."

खाजेची गोळी त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेली, दिवसातून तीनदा. सर्दीची दुसऱ्या डॉक्टरांची, दिवसातून दोनदा. सर्दी केव्हाच गेली होती, पण नाक कोरडं राहतं म्हणून घड्याळजींनी ती सुरूच ठेवली होती. सुदैवाने दोन्ही डॉक्टरांचे कागद दुकानातल्या पावत्यांच्या तारेला टोचलेले सापडले. झोपेच्या गोळीला मात्र कागद नव्हता.

"ही कुठून आणली?"

घड्याळजी खिडकीबाहेर बघू लागले. "चौकापलीकडच्या दुकानातून."

"माझं दुकान सोडून?"

"तुझ्याकडे आलो असतो तर झोप कोणी उडवली, म्हणून वर्षभर छळलं असतंस."

"छळलंच असतं," मेहुणीने कबूल केलं आणि चौकापलीकडच्या दुकानदाराला फोन लावला. गोळीचं नाव ऐकलं आणि तिचा चेष्टेचा सूर एकदम गेला. तिने तिन्ही डब्या एकीपुढे एक सरकवल्या.

"भावोजी, या तिन्ही एकाच घराण्यातल्या आहेत. अँटीहिस्टामीन. तीही जुन्या पिढीची."

मग तिने नीट सांगितलं. अंगात हिस्टामीन नावाचं रसायन असतं. ते पेशीवरच्या आपल्या ठरलेल्या जागी, म्हणजे रिसेप्टरवर, बसलं की खाज सुटते, शिंका येतात. या रिसेप्टरच्याही जाती आहेत. पोटात आम्ल वाढवणारा वेगळा, त्याची औषधं वेगळी. या तिन्ही गोळ्या पहिल्या जातीचा रिसेप्टर अडवून धरतात, म्हणून खाज थांबते.

"पण मेंदूत हेच हिस्टामीन माणसाला जागं ठेवतं. नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत. या जुन्या थेट आत जातात. वर आणखी एका रसायनाची वाट अडवतात. तोंडाला पाणी सुटायला, लघवी व्हायला, लक्षात राहायला ते लागतं. तुमच्या वयाला यातली एक गोळीसुद्धा जड. तुम्ही दिवसभरात सहा घेताय!"

बायकोने हळूच विचारलं, "म्हणजे यांचं डोकं..."

"ते डॉक्टर सांगतील, ताई. पण या डब्या आधी त्यांच्यापुढे ठेव."

शुक्रवारी डॉक्टरांनी डब्या पाहिल्या आणि स्मरणशक्तीची परीक्षा पुढे ढकलली. सर्दीची गोळी बंद, झोपेची हळूहळू कमी करत बंद, खाजेला नव्या पिढीची रोज एक. महिन्याने या, म्हणाले. तो महिना नवरा-बायकोचा जीव टांगणीला होता. पहिले काही दिवस झोपेचे हाल झाले. नंतर एका सकाळी घड्याळजी जागे झाले आणि डोळ्यांपुढचा पडदा कोणीतरी सरकवल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी अंथरुणातच गल्लीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं मोठ्याने म्हणून टाकली. बायकोने चार वेळा ऐकून घेतली.

महिन्याने डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं. घड्याळजींनी विचारलं, "मनगटी की भिंतीवरचं?" डॉक्टर हसले. बाकीचे प्रश्नही झाले, आणि ते म्हणाले, "तुमचं डोकं ठीक आहे. गोळ्यांनी झाकोळलं होतं, एवढंच."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते घड्याळजींना त्या खुर्चीवर कळलं. डोळे पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला. रुमालाबरोबर घडी घातलेली एक चिठ्ठी निघाली. अक्षर बायकोचं. घराचा पत्ता, तिचा फोन नंबर आणि खाली एक ओळ: हे हरवले असतील तर कृपया घरी आणून सोडा, रागावू नका.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं आणि एकेका शर्टाचा खिसा चाचपू लागली. घड्याळजी शेजारी उभे राहिले. अकरा शर्टांतून अकरा चिठ्ठ्या निघाल्या. बाराव्यासाठी तिने त्यांच्यापुढे हात पसरला, तेव्हा ते म्हणाले, "ही राहू दे माझ्याकडे." आणि इतके दिवस स्वतःला आवरून धरलेली ती तिथेच, उघड्या कपाटापुढे, मोठ्याने रडली.