चित्र झाकून वाच

पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात माझी अख्खी नोकरी सरली. खकनार गावच्या शाळेत पुस्तक हिंदी आणि पोरं मराठी घरची. कबुतराच्या चित्रावर बोट ठेवून पोरगं ठणकावून सांगायचं, "क, पारवा!" अक्षराकडे बघायचंच नाही. म्हणून मी चित्रावर हात ठेवायचे. "चित्र झाकून वाच," हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

मुलगा नोकरीसाठी चीनला गेला तेव्हा नात दोन वर्षांची होती. मागच्या उन्हाळ्यात ते महिनाभर सिंधीपुऱ्यातल्या माझ्या घरी आले, तेव्हा ती सात वर्षांची झालेली. सोबत पिशवीभर चित्रकथांची पुस्तकं, शाळेनं सुट्टीत वाचायला दिलेली. पानभर चौकटी, चौकटींत माणसं नि जनावरं, आणि त्यांच्या बोलण्याच्या फुग्यांत चिनी लिपी. दुपारी जेवणं झाली की ती मला टेकून गोष्ट सांगायची, थोडी मराठीत, थोडी हिंदीत. ती टेकलेली पाठ मला हवी होती. एवढी वर्षं मी तिचीच वाट बघितली होती.

पण जित्याची खोड! मला वाटलं, ही वाचत नाही, चित्रं बघून ठोकून देते. ती अंघोळीला गेली तेव्हा मी जुन्या वहीचे कागद कापले आणि गोंद लावून एका अख्ख्या गोष्टीची चित्रं झाकून टाकली. फुगे तेवढे उघडे ठेवले.

"आता वाच बरं."

तिनं एक पान उलटलं, मग दुसरं. रडली नाही. पुस्तक मिटलं आणि बापाजवळ जाऊन बसली.

"आई, तू पण ना!" मुलगा वैतागला. "चिनीत काना-मात्रा काही राहत नाही. जोडून जोडून काय वाचेल ती? चित्रातून गोष्ट समजते, तेव्हा कुठे ते चिन्ह ध्यानात राहतं. स्कूलवालेच बोलतात, चित्र बघूनच वाचू द्या."

मी खजील झाले. ओल्या फडक्यानं कागद काढायला गेले, तर चित्रंही सोलून आली. उरलेले दिवस नात माझ्याशी बोलली, माझ्या हातचं जेवली, पण पुस्तक घेऊन जवळ काही आली नाही.

ते गेल्यावर घर खायला उठलं. शाळेचे तक्ते रंगवून माझा हात बसलेला होता, म्हणून मीच कागदावर चौकटी आखल्या. फोपनारला माझ्या भावाच्या केळीच्या बागेत आम्ही एक दिवस गेलो होतो, तेच काढलं. घडाला मिठी मारणारी ती. ठिबकच्या नळीत पाय अडकून पडलेला तिचा बाप. शेवटच्या चौकटीत ते परत निघाले तेव्हाची गाडी, आणि दारात हसून हात हलवणारी मी. फुगे सगळे रिकामे ठेवले. मोबाइलवर फोटो पाठवले आणि मुलाला लिहिलं, तिला म्हणावं, हवं ते भर.

आठवडाभर काहीच आलं नाही. मग रविवारी पानं परत आली, फुगे भरलेले, सगळे चिनीत. मला ओ की ठो कळेना. मी मुलाला फोन लावून वाचून दाखवायला सांगितलं. घडाजवळ ती म्हणत होती, 'हा माझ्याहून जाडा आहे.' पडलेला बाप म्हणत होता, 'मी मुद्दामच पडलो.' आम्ही दोघं पोटभर हसलो.

"आणि दारातली मी काय म्हणते?"

फोनवर मी आजवर एकच सांगत आले होते. सावकाश या, सवड होईल तसं या, मला कसली घाई? त्यालाही ते खरंच वाटत असणार.

त्यानं वाचलं, "'जाऊ नका.'"

"चित्र बरोबर वाचलंय तिनं," मी म्हणाले.