आत्या पाणी प्यायला आली

पोरांनो, परवा फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, रिग्रेट आणि रिमोर्स एकच का?" तिच्याकडे रात्र होत होती, इथे सकाळ. फोन ठेवला तरी तो प्रश्न घरभर हिंडत राहिला, म्हणून आजच लिहायला बसले.

एकच नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये रिग्रेट म्हणजे मेलेल्यासाठी रडणं. रिमोर्स लॅटिनमधला, त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा चावणं. सॉरीच्या मुळाशी दुखरी जखम आहे. आणि डिसअप्रूव्हच्या मुळाशी पारखणं. आपण बाजारात मडकं वाजवून बघतो, तसं. हे शब्द निघाले की मला आत्या दिसते, माझ्या वडिलांची थोरली बहीण.

तिचं घर नवीन जालन्यात, स्टेशनजवळ. आम्ही हसनाबादचे. कॉलेज करायचं तर तिच्याकडेच राहायला हवं होतं, दुसरी सोय नव्हती. वडील मला घेऊन गेले. ती दारातच म्हणाली, "पोरीला इंग्रजी शिकवून काय मडम करायची? माझ्याकडं जागा न्हाई, भाऊ."

मला न वाजवताच तिनं बाजूला ठेवलं. वडील पाणी न पिता फिरले. आमच्या घरात हे भांडणाहून मोठं. ज्याच्या दारातून माणूस असं गेलं, त्यानं मग त्या माणसाच्या घरी जाऊन स्वतः पाणी मागायचं, तेव्हाच ते मिटायचं.

पुढचे दिवस धुक्यात गेल्यासारखे आठवतात. ओसरीवर पडल्या पडल्या मला रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. इतक्या लांबून कशी येणार? पण यायची.

एका दुपारी आत्या एकटीच बसनं आली. उंबऱ्याशी उभी राहिली. आई जागची हलेना.

"काय गं, पाणी विचारती का अशीच उभी ठिवती?"

"जागा हाय का बघते, वन्सं," आई म्हणाली, आणि तांब्या घेऊन आली.

आत्या घटाघटा प्याली. पदरानं तोंड पुसून, वडिलांकडे न बघता मला म्हणाली, "पेटी भर. खिडकीजवळची खाट मोकळी केली मी. जल्दी कर, बस जाईल."

माफीचा शब्द कुणीच काढला नाही. पुढे त्याच खाटेवर पडून मी शब्दांची मुळं वाचली. रिमोर्सपाशी पोचले तेव्हा आत्या आत भाकरी थापत होती. तो आवाज ऐकत मी पुस्तक छातीवर ठेवून कितीतरी वेळ पडून राहिले.

आत्या आता नाही. खाट माझ्याकडे आहे, खिडकीजवळच. नवार तेवढी नवी घातली आहे.